दोन गाण्यांच्या मधलं

मुकुंददादा,

तुमची कॅसेट चुंबकाने पुसली गेली नव्हती. ती मी पुसली, आणि नंतर कचऱ्यात टाकली.

हे सांगायला मला चार वर्षं मिळाली होती. दर रविवारी सकाळी ओसाकाहून तुमचा फोन यायचा. इकडे तोक्योजवळ ग्योतोकुत माझा दुसरा चहा चाललेला असायचा आणि आपण तासभर बोलायचो. त्या तासात दोन वाक्यं घुसवणं काही अवघड नव्हतं. तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. आता ऐकायला तुम्ही नाही, रागवायला तुम्ही नाही, तेव्हा कुठे मला कंठ फुटलाय. याला हिंमत म्हणत नाहीत, हे मला कळतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही, असा निरोप आलाय. ज्येष्ठ शास्त्रज्ञ, ओसाकातल्या मराठी मुलांचे आधारवड, असं काहीतरी हवंय त्यांना. ते कुणीतरी लिहील. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आधारवड? अगं, मला कुंडीत साधी कोथिंबीर जगवता आली नाही." मी आधी हे लिहिते. हे झाल्याशिवाय तुमच्याबद्दल चांगलं काही लिहायला माझा हात उचलत नाही.

आपली पहिली भेट तुमच्या विद्यापीठाच्या कॅन्टीनमधली. मी पीएचडीसाठी येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि काउंटरवरच्या बाईंना मोडक्यातोडक्या जपानीत विचारत होते, करीमध्ये बीफ आहे का. त्या हसून अशी काही मान हलवत होत्या की होकार की नकार कळेना. मागून चक्क मराठीत आवाज आला, "आहे. पण विचारलं नसतंत तर नव्हतं." मी वळून बघितलं तर कोपरं झिजलेल्या कोटातले तुम्ही, ट्रेमध्ये भाताची वाटी आणि वर खिशातून काढून भुरभुरलेलं मेतकूट. मी घाईघाईने "सर, सर" करायला लागले. "सर तिकडे लॅबमध्ये. इथे रांगेत उभाय मी," म्हणालात. तिसऱ्या दिवशी तुम्ही दादा झालात आणि मी अहो-जाहोतून "अगं"वर आले.

तुम्ही चुंबकांचे माणूस. तुमच्या लॅबमध्ये माणसाहून उंच चुंबक होता आणि त्याभोवती जमिनीवर पिवळी रेघ. रेघेच्या आत घड्याळ न्यायचं नाही, किल्ल्या न्यायच्या नाहीत, बँकेचं कार्ड तर नाहीच. मी आवाजाच्या खात्यातली. माझं सगळं शिक्षण एकाच कामाचं, हवा तो आवाज ठेवायचा आणि नको तो काढायचा. पुढे तोक्योत नोकरी लागली तीही तसलीच. फोनवर बोलणाऱ्याच्या मागची आगगाडी, वारा, कुत्रं घालवून टाकणं. तुम्ही मला सारखं डिवचायचात. "घरी आमटीसुद्धा गाळून खातेस का गं?"

खातही असेन. मी पहिल्यापासून टापटिपीची. तुमच्या घरी आले की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आडवा हात धरून उभे राहायचात, म्हणायचात, "आत नाही जायचं. मागच्या वेळी आवरून गेलीस तेव्हापासून चहाची गाळणी सापडली नाहीये."

*

बँडबद्दल तुम्ही मला कधी नीट बसवून सांगितलं नाहीत. तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिला तुकडा ओसाकातल्या त्या तळघरातल्या दुकानात. जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान, माणूस आडवा चालला तरच मावेल एवढं. तुम्ही एका खोक्यापाशी उकिडवे बसलात, मागून एक छोटी रेकॉर्ड काढलीत, पुढे आणून ठेवलीत आणि उठलात. प्लास्टिकच्या पाकिटावर दुकानदाराने हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. 'आयर्लंड. न्यू वेव्ह. फार लवकर संपला.'

"घ्यायची नाही?" मी विचारलं.

"माझ्याकडे आहे. ही कुणाला तरी मिळू दे."

पुढच्या अकरा वर्षांत ती कुणीही घेतली नाही. तुम्ही महिन्यातून एकदा जायचात, मागे गेलेली ती पुढे आणून ठेवायचात. दुकानदाराला हे माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतात.

द सॅटर्डे क्लार्क्स. "शनिवारचे कारकून," असं तुम्ही मराठी केलं होतं. गायक डेक्लन बंदराच्या कचेरीत कारकून, ड्रमवाला विम्याच्या. सराव करायला शनिवारच काय तो मोकळा. कॉर्क शहरात तुम्ही पीएचडी करत होतात तेव्हा डेक्लनच्या आईच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतात आणि खाली स्वयंपाकघरात हा दंगा चालायचा. न्यू वेव्ह म्हणजे काय, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "पंकवाल्यांनी केस विंचरले की न्यू वेव्ह होते." मला तुम्ही ऐकवलंत ते मला तर तक्रारीसारखं वाटलं. टोचरी गिटार, स्वस्तातला कीबोर्ड, आणि गायक गातोय कमी, भांडतोय जास्त. दोन छोट्या रेकॉर्ड्स, एक चार गाण्यांची, आणि दीड-दोन वर्षांत सगळं बंद. मोठी रेकॉर्ड निघायची होती, नऊ गाणी बसवून तयार होती. काढणारी कंपनीच बुडाली. मुलं नोकरीधंद्याला पांगली.

त्या नऊ गाण्यांचा एकच ठसा जगात उरला होता, तो तुमच्या कॅसेटवर. घरी पत्रांऐवजी आवाज पाठवायला म्हणून तुम्ही टेपरेकॉर्डर घेतला होता. पुण्याला जायच्या कॅसेटींमधली एक त्या स्वयंपाकघरात वापरली गेली.

कीबोर्ड वाजवायची ती ऊना, डेक्लनची बहीण. तिच्याबद्दल तुम्ही एवढंच सांगितलंत की तिला तुम्ही पाच-सहा मराठी शब्द शिकवले होते आणि ती ते चुकीच्या जागी वापरायची. आणि ती गेली त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली. तुम्ही लग्न का केलं नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या आवाजावरून कळत होतं. आवाज ऐकणं हेच माझं काम असं मी मिरवते ना.

*

आपलं भांडण जुनं. तुम्ही म्हणायचात, नको असलेला आवाज असं काही नसतं. मी म्हणायचे, दादा, हे बोलायला ठीक आहे, गर्दीच्या स्टेशनातून आईला फोन लावा आणि मग सांगा. तुम्ही म्हणायचात, "आईला ऐकू दे ना, पोरगी कुठल्या स्टेशनात उभी आहे ते." मी म्हणायचे, हे भाबडेपण झालं. कधी तुम्ही चिडायचात, कधी मी. एकदा तर ग्योतोकु स्टेशनच्या एस्कलेटरवर आपण इतके रंगलो की तुम्ही ओसाकाच्या सवयीने, इथे डावीकडे उभं राहतात हे विसरून, उजवीकडे उभे राहून मागची अख्खी रांग अडवून ठेवलीत आणि मी खाली आल्यावर सगळ्यांना वाकून वाकून माफी मागत बसले.

माफी मागायची मला इतकी सवय आहे, दादा. या देशात येऊन मी लिफ्टचं दार लागलं तरी माफी मागते.

कॅसेट घेऊन तुम्ही इथे आलात ते चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात. डबा बांधतात तशा रुमालात बांधून आणली होतीत. डेक्लनचं पत्र आलं होतं. त्याचं वय झालेलं, ती गाणी पुन्हा ऐकायची आहेत, आणि ऊना त्यावर बोलते का, असं त्याने विचारलं होतं. हे शेवटचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही फक्त म्हणालात, "तुझ्या त्या मशिनीवर ही नीट उतरवून दे. आणि गाण्यांपेक्षा मधलं महत्त्वाचं आहे, बरं का."

मी पोळ्या लाटत होते. "हो हो," म्हणाले.

"ऐकलंस का?"

"ऐकलं हो दादा. मधलं. बसा आता, पानं घेतलीत."

मी ऐकलं नव्हतं.

आमच्या कामात आधी मशीनला शिकवावं लागतं की कचरा दिसतो कसा. संगीत चालू नाही असा एक तुकडा निवडायचा आणि सांगायचं, हे बघ, हे नकोय, असलं जिथे सापडेल तिथून काढ. मी तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मधला तुकडा निवडला. पडद्यावर तो सपाट आणि खरखरीत दिसत होता. मी तो ऐकला नाही. बघितला, निवडला, पुढे गेले. मग सगळ्या गाण्यांच्या मधल्या जागा शून्यावर आणल्या, कारण त्या तशा सुबक दिसतात.

आणखी एक नियम आहे, तो मी हाताखालच्या नव्या मुलांना घोकून घ्यायला लावते. काढलंय ते ऐकून बघा. आमचं सॉफ्टवेअर काढलेला आवाज फेकून देत नाही, वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, ते याच्यासाठीच. चुकून कामाचं काही गेलं नाही ना, हे तपासायला. मी तपासलं नाही. वर्षअखेर होती, ऑफिसात धांदल होती, आणि मला तुमच्यासमोर मिरवायचं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघरातलं रेकॉर्डिंग स्टुडिओतल्यासारखं करून दाखवायचं आणि त्या भांडणात एकदाचं जिंकायचं. खरं कारण हेच.

कॅसेट शेवटी मशीनमध्ये अडकली होती, फीत थोडी चुरगळली होती. वर्षअखेरीला इथे घराघरांत मोठी झाडलोट निघते. त्यात माझ्या अंगात येतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी कॅसेट हातात घेतली आणि मनात म्हटलं, उतरवून झालीय, आता हिचं काय. ती कुठल्या कचऱ्यात जाते हे मी महापालिकेच्या तक्त्यात शोधलं. स्क्रू काढले, ते धातूत. कागदी लेबल सोलून काढलं, तुमच्या तिरक्या अक्षरातलं, ते कागदात. उरलेलं ठरलेल्या पिशवीत घालून ठरलेल्या दिवशी आठच्या आत खाली नेऊन ठेवलं. वीस मिनिटं घालवली असतील. तुम्हाला फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं.

*

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी तुमचा फोन आला. फाइल तुम्ही ऐकली होतीत.

"गाणी छान आलीत गं. डेक्लन इतका बरा गात होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं." मग म्हणालात, "पण मधलं कुठंय?"

"मधलं म्हणजे?"

"गाण्यांच्या मधलं. किटलीच्या शिट्टीत ऊना एकदा बोलते. तिसऱ्या गाण्यानंतर. तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाहीये, ती गात नव्हती ना. डेक्लनने तेवढ्यासाठीच मागितलीय."

मला आठवतंय, माझ्या हातात त्या वेळी फडकं होतं आणि मी ओटा पुसत होते. पुसतच राहिले. तेव्हा म्हणता आलं असतं, दादा, घोळ झाला. तुम्ही दोन शिव्या घातल्या असत्यात. मी म्हणाले, "तिथे टेपवर काहीच नव्हतं हो. कोरंच होतं. कुठे चुंबकाजवळ वगैरे होती का ती?"

कुठून सुचलं कुणास ठाऊक.

"लॅबमधल्या कपाटात होती," म्हणालात. "बारा वर्षं."

"मग तेच असेल."

"हं. तेच असेल. म्हणजे माझ्याकडूनच झालं. डेक्लनला मी कळवतो तसं."

इथे मी मध्ये पडायला हवं होतं. तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला लिहिणार होतात की तुझ्या बहिणीचा आवाज माझ्या हलगर्जीपणाने गेला. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, दादा."

"असू दे," म्हणालात तुम्ही. "असू दे गं." आणि बाजारात मेथी मिळते का, यावर बोलायला लागलात. कॅसेट परत पाठव, असं तेव्हाही म्हणाला नाहीत आणि पुढेही कधी नाही.

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते ती या सुटल्यासारखं वाटण्याची जास्त. थाप पचली, या आनंदात मी त्या दिवशी दुपारी मस्त झोपले.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक फोन एकाच प्रकारे संपवायला लागलात. "चल, ठेवतो. काही सांगायचं राहिलं नाही ना?" मी म्हणायचे, "नाही हो, सगळं सांगितलं." मला वाटायचं, वयाने आलेली सवय असेल.

ज्यांच्याशी मी असं वागले ते कोण, हेही लिहून ठेवते, म्हणजे माझी मलाच सूट मिळायची नाही. नाशिकला माझे वडील गेले तेव्हा मला विमान मिळालं नव्हतं. तुम्ही सकाळच्या पहिल्या शिंकान्सेनने ओसाकाहून आलात, मांडीवर वरणभाताचा डबा घेऊन. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीत. मला जेवायला बसवलंत, भांडी घासलीत, सगळी चुकीच्या जागी लावलीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलात. कढई मला आठ दिवसांनी कपड्यांच्या कपाटात सापडली. ती सापडली तेव्हा मी वडिलांसाठी पहिल्यांदा रडले.

*

ओसाकात तुमचं सगळं तुमच्या लॅबच्या लोकांनीच केलं. तुमची बहीण पुण्याहून फोनच्या पडद्यावर होती. दहनाला वेळ लागतो, तोवर आम्हाला चहा आणि तांदळाची बिस्किटं देऊन एका खोलीत बसवलं होतं. माझ्या शेजारी मोरिता-सान बसले होते. तुमच्याबरोबर वीस वर्षं तो चुंबक सांभाळणारे, तुम्ही ज्यांना "माझा पिवळ्या रेघेवरचा पहारेकरी" म्हणायचात ते. तुम्हाला ते सेन्सेइ म्हणायचे, म्हणजे सर. फार बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"सेन्सेइंनी एकदा मला गमतीचा प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "आपला चुंबक टेपवरचं गाणं तसंच ठेवून फक्त बोलणं पुसू शकेल का? मी म्हटलं, तसा चुंबक सापडला तर आपण दोघं लगेच पेपर लिहू. ते खूप हसले. म्हणाले, एका हुशार मुलीने मला तसं सांगितलंय."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"मी विचारलं, मग हे शक्य नाही असं तुम्ही तिला सांगितलंत का? तर म्हणाले, तिला माहीत आहे. सांगेल ती." मोरिता-सान माझ्याकडे बघून हसले. "तीन-चार वर्षं झाली याला. तुम्ही त्यांच्या इतक्या जवळच्या. ती मुलगी कोण, तुम्हाला माहीत आहे का?"

चुंबकाला गाणं आणि बोलणं यातला फरक कळत नाही, दादा. पुसायचं तर तो सगळंच पुसेल. हे शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. तुम्ही तर जन्म काढलात त्यात. माझी थाप तुम्हाला फोनवरच, ओठांतून निघताक्षणी कळली होती. कळूनही तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत आणि स्वतःच्या अंगावर घेतलीत, डेक्लनच्या पत्रात स्वतःचं नाव घातलंत. आणि मग दर रविवारी दार उघडून उभे राहिलात. "काही सांगायचं राहिलं नाही ना?"

मोरिता-सान उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "नाही. माहीत नाही."

पलीकडे तुमचं दहन चालू होतं आणि मी हे बोलले.

थोड्या वेळाने आम्हाला आत बोलावलं. इथे अस्थी दोघांनी मिळून उचलतात. एकाच अस्थीला दोघांच्या लांब काड्या, जेवायच्या असतात तशा, लागतात आणि ती कलशात ठेवायची. माझ्या वाट्याला मोरिता-सान आले. माझ्या काड्या घसरल्या आणि अस्थी सुटणारच होती. त्यांनी माझ्या बाजूचाही भार घेतला आणि सांभाळून आत ठेवली. नंतर म्हणाले, "पहिल्यांदा असं होतं." मी त्यांना वाकून माफी मागितली. नको त्या गोष्टीची.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून त्या तळघरातल्या दुकानात गेले. रेकॉर्ड होती. बरीच मागे गेली होती, कारण महिना-दीड महिना कुणी आलं नव्हतं. मी ती पुढे आणून ठेवली. दुकानदाराने मान वर करून बघितलं आणि दाराकडे बघितलं, मागून तुम्ही येताय का म्हणून. मला त्याला सांगता आलं नाही.

*

आता सगळ्यात लाजिरवाणं. तो काढलेला आवाज माझ्या जुन्या लॅपटॉपवर असू शकतो, हे मला त्या पहिल्या रविवारीच सुचलं होतं. मी शोधला नाही. सापडला असता तर कुठून सापडला, हे सांगावं लागलं असतं. म्हणून तो नसेलच, असं मी ठरवून टाकलं. लॅपटॉप बंद पडला होता, तो टाकायचा तर इथे वेगळे सोपस्कार असतात, अर्ज करा, न्यायला येणाऱ्यांची वेळ ठरवा. ते मी चार वर्षं पुढे ढकलत राहिले. एरवी वर्षभराची जुनी वर्तमानपत्रं घरात न ठेवणारी मी. तेवढ्या एका आळसामुळे तो खणात पडून राहिला.

ओसाकाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातली डिस्क काढली आणि नव्या मशीनला जोडली. फाइल होती. दोन्ही होत्या. एक स्वच्छ केलेली, तुम्हाला पाठवलेली. दुसरी काढलेल्याची. या दोन्हींची बेरीज केली की मूळ टेप जशीच्या तशी परत येते, यात काही जादू नाही, आमच्या धंद्यातलं पहिल्या वर्षाचं गणित आहे. मला एक मिनिटही लागलं नाही. तुम्ही जिवंत असतानाच्या कुठल्याही रविवारी ते एक मिनिटच लागलं असतं.

त्याच दुपारी मी डेक्लनना ती फाइल पाठवली. सोबत लिहिलं की मुकुंदने तुम्हाला चार वर्षांपूर्वी जे लिहिलं ते खरं नव्हतं. टेप त्याच्याकडून गेली नाही, माझ्याकडून गेली, मी खोटं बोलले आणि त्याने ते स्वतःवर घेतलं. मोरिता-साननाही लिहिलं, दोन ओळी. ती मुलगी मी. त्या खोलीत मी पुन्हा खोटं बोलले. त्यांचं उत्तर आलं, तेही दोन ओळींचंच. पुढच्या महिन्यात लॅब आवरायची आहे, तुम्ही याल का, पण काहीही टाकायच्या आधी मला विचारा. डेक्लनचं उत्तर अजून नाही. ते यायलाच हवं, असं म्हणायचा मला अधिकार नाही.

पाठवायच्या आधी मी अर्थातच ऐकलं. या वेळी डोळे मिटून, पडद्याकडे न बघता.

तिसरं गाणं संपतं. खुर्ची सरकते, कुणीतरी खोकतं. मागे पाऊस असावा, किंवा नळ. मग हळूच एक शिट्टी सुरू होते, ती किटली. डेक्लन इंग्रजीत ओरडतो, ते मशीन बंद करा कुणीतरी, सगळी टेप खराब होईल. आणि मग अगदी जवळून, रेकॉर्डरवर वाकली असावी, एका मुलीचा आवाज, मराठीत, शेवट वर नेत विचारलेलं:

"मुकुंद, बंद?"

आणि तुम्ही. आवाज पातळ, चोविशीतला, पण घाई तीच.

"नको. असू दे."

शिट्टी वाढत जाते, कुणीतरी हसतं, आणि त्या शिट्टीवरच चौथं गाणं सुरू होतं. मी नमुना म्हणून निवडलेला तुकडा तो हाच.

त्या रविवारी फोनवर तुम्ही मला तेच दोन शब्द म्हणाला होतात, त्याच सुरात. चाळीस वर्षांपूर्वी किटलीला ठेवून घेतलंत, तसंच मला. पण किटली निदान वाजली तरी, दादा. मी गप्प बसले.